दोन ब्रेकची गाडी चिरेखाणीत

माझ्यात ब्रेक एक नाही, दोन आहेत. क्लचही दोन. एवढं सांगितलं की निम्म्या मालवणला मी कोण ते कळतं, कारण त्या निम्म्या लोकांनी माझ्याच सीटवर बसून आयुष्यातला पहिला गिअर टाकलेला आहे. मी ईडा मोटार ट्रेनिंग स्कूलची पांढरी गाडी. वय नऊ वर्षं. डोक्यावर लाल ‘एल’ची पाटी, मागच्या काचेवर शाळेचं नाव, आणि दोन्ही बंपरांवर शिकाऊ लोकांनी काढलेल्या रेघोट्या.

बोलायची मला सवय नाही. जे सांगायचं आहे ते मला नीट सांगता येईल का, याचीही खात्री नाही. पण गेलं वर्षभर लोक माझ्याभोवती उभे राहतात, खाली वाकून माझं पोट बघतात आणि विचारतात, “हीच ती? चिरेखाणीतून गेलेली?” मग कोणी म्हणतं, साधी गाडी कुठेही जाते, नुसता चालवणारा हवा. कोणी म्हणतं, या सगळ्या थापा, असल्या कामाला जीपच पाहिजे. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. मी तिथे होते. म्हणून जे झालं ते आणि तेवढंच सांगते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणी एकामागून एक बाहेर पडत होत्या. माझ्या कप्प्यात एक पुस्तिका ठेवली होती. तिच्यात हवा किती भरावी, तेल कधी बदलावं, लहान मुलाला कुठे बसवावं, सगळं होतं. डोंगराबद्दल एक ओळही नव्हती. मला बनवणाऱ्यांच्या मनात बाजार, दवाखाना, शाळा आणि फार तर एखादं लग्न, एवढंच होतं. त्यात मला कमीपणा वाटला नाही. ज्याला कोणी फारसं विचारत नाही असं काम नीट करावं, एवढीच माझी समजूत होती.

मला विकत घेतलं ते सेबॅस्टियननं, म्हणजे ईडाच्या नवऱ्यानं. दुकानातून थेट त्यानं मला डावीकडचे पायडल बसवायला नेलं. सळ्या जोडल्या, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा क्लच, दुसरा ब्रेक आला. शाळा त्याची होती, पण शिकवायची ईडा. सेबॅस्टियनला शिकवताना राग यायचा. समोरच्यानं गिअर खरवडला की तो स्वतःच ओरडत दार उघडून उतरायचा. ईडा कधी ओरडली नाही. सेबॅस्टियन गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली. पाटीवर पहिल्यापासून नाव ईडाचंच होतं, त्यामुळे ती बदलावी लागली नाही.

ईडाचं कसब सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ती डाव्या सीटवर बसते, हात मांडीवर, नजर समोर. शिकणारा घाबरून गाडी जोरात सोडतो. तेव्हा ईडाचा पाय ब्रेकवर इतका हलका टेकतो की गाडी आपणच आवरली असं शिकणाऱ्याला वाटतं. तो खूश होतो, त्याचा धीर वाढतो. खरं काय झालं ते फक्त मला आणि तिला ठाऊक असतं. तीस वर्षांत तिनं अशी कितीतरी माणसं धीट केली आहेत. समुद्रावर जाणारा बाबू शिकायला आला, तेव्हा त्याचे हात सुकाणूला सरावलेले. डावीकडे जायचं तर तो स्टिअरिंग उजवीकडे ढकलायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोनदा गटाराच्या काठावर गेलो.

“ही होडी नाय रे, बाबू! जंय जावचा थंयच फिरव.”

“टीचर, चुकान झाला. पन गाडी कशी थांबली बघा!”

“थांबली खरी. हुशार आसस तू,” ईडा म्हणाली. तिचा पाय अजून ब्रेकवर होता.

तिची मुलगी रोशेल. तिनं गाड्यांचाच डिप्लोमा केला, आणि आईबरोबर शिकवायला लागली. सकाळच्या तुकड्या तिच्या, संध्याकाळच्या आईच्या. रोशेल बोलते जास्त, पण रस्ता वाचावा तो तिनंच. वळणावरची वाळू, पुलाच्या तोंडाशी सुटलेली खडी, उन्हात चमकणारं तेल, सगळं तिला माझ्या चाकांच्या आधी कळतं. मला वाटायचं, या मुलीच्या हातात माझ्यापेक्षा मोठं काहीतरी असायला हवं. मग वाटायचं, असा विचार करणारी मी कोण?

ते मोठं काहीतरी भाद्रपदात आलं. धामापूरच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक बंद पडलेली चिरेखाण आहे. जांभ्याचे चिरे काढून काढून तिच्यात खोल चौकोनी खड्डे झालेत, कडेला पायऱ्या राहिल्यात, आणि पावसाळ्यात तळाशी लाल चिखल साचतो. जिल्ह्यातल्या जीपवाल्यांच्या मंडळानं तिथे गाड्या चालवायला शिकवण्याचं मैदान सुरू करायचं ठरवलं. त्यांना एक शिक्षक हवा होता, कायमचा. निवड एका रविवारच्या चाचणीतून होणार होती; जे पार पडतील त्यांच्यातून मंडळ एकाला निवडणार होतं. खाणीत अकरा टप्पे, अडीच तासांची मुदत. गाडी कोणतीही चालेल, पण जशी आहे तशी हवी, चाचणीसाठी नवं काही बसवायचं नाही, आणि शेजारी दुसरा माणूस बसलेला हवा. दोरी लावली, कोणी धक्का दिला, की बाद.

रोशेलनं अर्ज केला. तिच्या मामाचा मुलगा कॉनरॅड गोव्याहून आपली जीप देणार होता. चार दिवस आधी त्याचा फोन आला, जीपचा गिअरबॉक्स उतरवलाय, महिना लागेल.

रोशेल फोन ठेवून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मला त्या नजरेचा अर्थ लगेच कळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंभारमाठच्या रस्त्यावर बाळा मेस्त्रीच्या गॅरेजात होतो. बाळानं ऐकलं आणि पाना खाली ठेवून हसायलाच लागला.

“रोशेल, हिच्यात बसान तू चिरेखाणीत जातलंस? गो, ही गाडी बाजारातसून पापलेट आणूक बरी.”

“हसून झाला काय, बाळादादा? आता पोटाखाली टेप लाव.”

बाळानं टेप लावली. उठला तेव्हा हसत नव्हता. “साडेसहा इंच. आणि थंयसरची पायरी म्हंजे एक चिरो, सात इंचाचो. अर्धो इंच खंयसून आणतलंस?”

मग त्यानं माझ्या बाकीच्या उणिवाही सांगितल्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. मला फक्त पुढच्या दोन चाकांची ताकद. त्यातलं एक घसरलं की सगळी ताकद त्याच घसरणाऱ्या चाकाकडे जाते, दुसरं नुसतं बघत बसतं. जीपसारखा सावकाश ओढणारा खालचा गिअर मला नाही. आणि इंजिनाच्या तेलाची टाकी माझ्या पोटाच्या अगदी तळाशी, पातळ पत्र्याची. एक धारदार दगड लागला की संपलं.

रोशेलनं सगळं ऐकून घेतलं. “ह्या सगळा माका म्हायत आसा,” एवढंच म्हणाली.

घरी ईडा वाट बघत होती. तिला वेगळीच काळजी होती. शाळेची गाडी एकच, मी. मंगळवारी आरटीओचा कॅम्प होता आणि पाच जणांची लायसनची परीक्षा माझ्यावरच व्हायची होती. रविवारी मी मोडले तर मंगळवारी परीक्षा नाही, आणि त्यानंतर शाळाही नाही. दुसरी गाडी घेण्यासारखं घरात काही नव्हतं.

ईडानं हे सगळं रोशेलला सांगितलं. मग म्हणाली, “बाजूक कोण बसता तुझ्या?”

“माझी मैतरीण नम्रता बसतली.”

“नको. माझी गाडी जातली तर बाजूक मीच बसतलंय.”

“मम्मी, ती चाचणी आसा. एसटी स्टँडापर्यंतची फेरी नाय.”

“मगे? माझ्याशिवाय ही गाडी खंय गेली आसा आजपर्यंत?”

रोशेल हसली, पण मला वाटतं तिला बरं वाटलं.

शनिवारी ती एकटीच खाणीवर जाऊन आली. संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या पायाला गुडघ्यापर्यंत लाल चिखल होता. हातात बांबूची काठी. प्रत्येक टप्पा ती अनवाणी चालली होती. चिखलात काठी खुपसून खाली जांभा किती खोलवर लागतो ते तिनं वहीत लिहून आणलं होतं. तिनं माझी मागची सीट काढली, जॅक काढला, कप्प्यातल्या नकाशांचा आणि पावत्यांचा गठ्ठा काढला. मी इतकी हलकी कधीच झाले नव्हते. इतकी उघडीही.

रविवारी सड्यावर पोचलो तेव्हा सतरा गाड्या उभ्या होत्या. काय एकेक रूप! उंच, रुंद, चाकांना बोटभर खोल खाचा. त्यांच्यात मी म्हणजे लग्नात चुकून घरच्या कपड्यांत आलेली. खोटं सांगत नाही, मला परत जावंसं वाटलं. पण त्यांच्याबद्दल आदरही वाटला. एक हिरवी जीप पहिला चढ चढताना मी पाहिली. एक चाक हवेत, बाकीची तिन्ही जमीन धरून, आणि इंजिनाचा आवाज जराही चढला नाही. ज्या कामासाठी जन्म झाला ते काम करताना कोणीही सुंदर दिसतं.

रिसॉर्ट चालवणारा सुशांत आपली नवी काळी गाडी घेऊन आला होता. त्यानं काच खाली केली.

“टीचर, खंय चल्लास? हयसर पार्किंगचो प्लास्टिकचो कोन ठेवलेलो नाय!”

“सुशांत, तुझो रिव्हर्स अजून वाकडोच जाता,” ईडा पुढे बघत म्हणाली. “आदी तो सरळ कर.”

भोवतालचे सगळे हसले. सुशांतही हसला. त्यालाही तिनंच शिकवलं होतं.

चाचणीचे प्रमुख गुरुदास परब. फौजेत पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, कमी बोलणारा. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. दुसऱ्या ब्रेकपाशी थांबले.

“ह्यो काढूक नाय?”

“गाडी जशी आसा तशी होयी, असा तुमीच लिवलास,” रोशेल म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या दारावर खडूनं नऊचा आकडा काढला.

पहिले सहा टप्पे कसे गेले ते मला नीट आठवत नाही. भीतीत तपशील राहत नाहीत. एवढं आठवतं की रोशेलनं चाकांतली हवा कमी केली होती आणि माझी चाकं जमिनीला चिकटून चालत होती. जिथे मोठ्या गाड्या सरळ जात, तिथे ती मला वाकडी नेई, दगडामागून, कडेकडेनं. प्रत्येक टप्प्याआधी उतरून, चालून, परत येऊन बसे. लोकांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. सहाव्या टप्प्याला आमच्याशिवाय फक्त अकरा गाड्या उरल्या होत्या. बाकीच्या कुठे ना कुठे दोरीला लागल्या होत्या.

सातवा टप्पा चिखलाचा. चाळीस फूट लांब, लाल, लापशीसारखा. शनिवारी काठीनं मोजल्याप्रमाणे उजव्या बाजूला एक वीत खाली जांभा होता. त्या कडेनं वेग न सोडता गेलं तर जमणार होतं. मध्ये थांबलं तर मात्र संपलं.

रोशेलनं मला दुसऱ्या गिअरमध्ये सोडलं. चिखल काचेवर उडाला. दहा फूट, वीस फूट. तेवढ्यात माझं नाक एका खळग्यात खाली गेलं, खूप खाली, आणि त्या क्षणी ब्रेक लागला.

डावा ब्रेक.

मी थांबले. इंजिन चालू होतं, पण मी जागची हलेना. डावं चाक नुसतं फिरत राहिलं, चिखल मागे फेकत, आणि प्रत्येक फेऱ्याला मी थोडी आणखी खाली बसले.

रोशेलनं डावीकडे पाहिलं.

“मम्मी, तू ब्रेक मारलंस.”

“मी नाय गो. पाय गेलो.”

“पाय तुझोच मा?”

“माझोच,” ईडा म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “तीस वर्सां समोर खळगो दिसलो काय मारतंय. माका कळाकच नाय.”

मला वाटलं, आता रोशेल ओरडेल. सेबॅस्टियनची मुलगी ती. तिनं डोळे मिटले, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, परत वर केलं. ओरडली नाही. त्या एका गोष्टीसाठी मला तिचा आजही अभिमान वाटतो.

मागे काठावरून सुशांत हाक मारत होता. तो स्वतः पाचव्या टप्प्यालाच बाद झाला होता. “दोरी टाकू काय गो? लाज कसली तेत?”

“थंयच उभो रव, सुशांत! दोरी लावलंस काय मी बाद.”

तिनं रिव्हर्स टाकून पाहिला. नाही. चाकं वळवून पाहिली. नाही. घड्याळात पन्नास मिनिटं उरली होती. ती खिडकीतून बाहेर वाकून माझ्या डाव्या चाकाकडे बघत बसली. ते फिरत होतं आणि उजवं, जांभ्यावर पक्कं टेकलेलं, स्वस्थ होतं. बाळानं सांगितलेली माझी उणीव, जशीच्या तशी.

“हेका आवरूक होया,” ती स्वतःशीच म्हणाली. “ह्या चाकाक वायच कोणी धरला तर ताकद थंयसर जायत.” मग आपल्या पायांकडे बघितलं. एक पाय क्लचवर, एक वेग देणाऱ्या पायडलवर. तिसरा पाय तिला नव्हता.

ती हळूच आईकडे वळली.

“मम्मी, ब्रेक मार.”

“आता? चिडवतंस माका?”

“चिडवणा नाय. वायच मार. बाबूक उतारार कशी सांभाळतंस? तेका कळूचा नाय इतको. तसो.”

ईडानं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं सँडल काढून पाय डाव्या ब्रेकवर ठेवला. रोशेलनं वेग दिला, क्लच अर्धा सोडला. ईडाचा पाय टेकला. मी नऊ वर्षं तो पाय ओळखते, पण त्या दिवशीसारखा तो कधी टेकला नव्हता. वाटीतलं पाणी न हलवता वाटी सरकवावी तसा. ब्रेक सगळ्याच चाकांना लागतो, पण फिरत होतं ते एकटं डावं; ते फिरता फिरता जड झालं, आवरलं, आणि उजव्या चाकात, इतका वेळ रिकाम्या असलेल्या चाकात, जोर आला.

मी एक वीत पुढे सरकले.

“सोडू नको. आणि वायच. आता सोड. परत.”

“माका शिकवू नको गो,” ईडा म्हणाली.

वीस फुटांना बारा मिनिटं लागली. दोन बायका, तीन पाय आणि एक साधी गाडी. मी बाहेर पडले तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. पण आत बसलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे आठवा टप्पा दिसत होता.

आठ, नऊ, दहा पार पडले. अकरावा टप्पा खाणीच्या काठावरून खाली उतरायचा. चिऱ्यांच्या तीन रुंद पायऱ्या, मग एक मोठा उतार, आणि उताराच्या तळाशी शेवटची पांढरी रेघ. सात इंच, सात इंच, सात इंच.

रोशेल उतरली. पायऱ्या चालून आली, पंजानं मोजल्या, धारेवर हात फिरवला. परत येऊन बसली, पण गाडी सुरू केली नाही.

“मम्मी, तिरकी घेतलंय, एक एक चाक सोडलंय, तर दोन पायऱ्यो जातल्यो. तिसरेची धार लय उंच आसा. तेचा माका सांगाक येणा नाय.”

“टाकी फुटात?”

“फुटात. फुटाचीय नाय. तू नको म्हटलंस तर हयसरच थांबतंय. माका राग येवचो नाय.”

“मंगळवारी पाच जणांची टेस्ट.”

“आसा.”

“लक्ष्मी दोनदा नापास झाली हा.”

“म्हायत आसा, मम्मी.”

खाली रेघेजवळ गुरुदास घड्याळ धरून उभे होते. दहा मिनिटं उरली होती. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मला भीती वाटत होती हे खरं. पुस्तिकेतल्या कुठल्याही पानाप्रमाणे मी तिथे असायला नको होते हेही खरं. पण रोशेल पुढे बघत नव्हती, ती आईकडे बघत होती. तिला परवानगी हवी होती, आणि ‘नको’ ऐकायचीही तिची तयारी होती. असं माणूस माझ्यात फार क्वचित बसतं.

ईडानं दोन्ही पाय पायडलांवरून उचलले आणि सीटवर घेऊन मांडी घातली. पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली.

“जा,” ती म्हणाली. “हळू जा.”

पहिल्या पायरीवरून माझं उजवं चाक उतरलं, मग डावं. मी एवढी कलले की ईडा दाराला टेकली. दुसरी पायरीही तशीच. तिसऱ्या पायरीवर उजवं चाक उतरलं, डावं उतरू लागलं, आणि माझ्या पोटाखाली कडकन आवाज झाला. तो आवाज मी विसरणार नाही. अर्धा इंच म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं. मागची चाकं खाली आली तोपर्यंत माझ्यातून गरम तेल गळायला लागलं होतं.

“दिवो!” ईडा ओरडली. माझ्या काट्यांजवळ तेलाचा लाल दिवा लागला होता.

“बघितलंय.” आणि रोशेलनं इंजिन बंद केलं.

काठावरची माणसं ओरडली. शंभर पावलांवर रेघ असताना इंजिन बंद? पण पुढे उतार होता, आणि मी घरंगळू लागले. इंजिन बंद झालं की माझं स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दगडासारखा. उतार मोठा, खाली रेघेपलीकडे माणसं उभी.

“मम्मी, पाय!”

ईडाची मांडी सुटली. दोन्ही ब्रेक एकदम दाबले गेले, उजवीकडून मुलीचा, डावीकडून आईचा. दोघी पाठ सीटला रेटून, पाय ताणून बसल्या होत्या. मी थरथरत, सावकाश, तेल सांडत, कसलाही आवाज न करता रेघेवरून गेले आणि चार हातांवर थांबले.

गुरुदास माझ्याजवळ आले. “चार मिन्टां उरली. पन इंजीन बंद होता.”

“बंद होता,” रोशेल म्हणाली.

एका जीपवाल्यानं म्हटलं, “असा चलाचा नाय.” दुसरा म्हणाला, “कित्याक नाय?” वाद सुरू झाला. गुरुदासांनी खिशातून नियमांचा कागद काढून सावकाश वाचला. “दोरी नको लिवलेला आसा. धक्को नको लिवलेला आसा. इंजीन चालू होया असा खंय लिवलेला नाय.” मग रोशेलकडे वळले. “पन शेवटाक इंजीन बंद कित्याक केलंस गो? वायच रेटलं असतंस तर दिमाखात इलं असतंस.”

“तेल नसताना रेटलंय असतंय तर इंजीन जाम झाला असता. मंगळवारी गाडयेर पाच जणांची टेस्ट आसा.”

गुरुदास हसले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि वहीत तिचं नाव लिहिलं.

सुशांत मागून आला. हातात तीच दोरी. “आता टाकू ना?”

“आता टाक,” ईडा म्हणाली.

सोमवारी बाळा मेस्त्रीनं दुसरं काम हातात घेतलं नाही. कुडाळहून दुसरी टाकी आणवली, चिखल धुतला, आणि संध्याकाळी माझं इंजिन सुरू केलं. ते शाबूत होतं. मंगळवारी पाच जणांनी माझ्यावर परीक्षा दिली. चार पास झाले. त्यांत लक्ष्मी होती. पाचवा हँडब्रेक काढायला विसरला.

दोन आठवड्यांनी रोशेलला निवडीचं पत्र आलं. आता ती रोज सकाळी धामापूरला जाते. तिच्या हाताखाली जीपा आहेत, आणि जीपवाले आहेत. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना गाडीतून उतरवते आणि अनवाणी चालायला लावते. मोठी माणसं कुरकुरतात, असं ऐकलं.

बाळानं तिला बजावून सांगितलंय, “असली आणि एक फेरी, आणि हिका भंगारात घालूची लागात.” तो खोटं बोलत नाही. माझं डावं दार आता दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. खड्ड्यातून जाताना उजवीकडून एक कुरकुर येते, ती पूर्वी नव्हती. तेव्हा साध्या गाडीनं असल्या ठिकाणी जावं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर साधं आहे. जाऊ नये. मी त्यासाठी बनलेली नाही, आणि ज्या बनल्यात त्यांचं मला कौतुक आहे. पण एका रविवारी मी गेले, कारण माझ्यात बसलेल्या दोघी माझ्याहून फार मोठ्या होत्या. ते काम माझं नव्हतं, त्यांचं होतं. एवढं मान्य करायला मला जड जात नाही.

आता सकाळच्या तुकड्याही ईडाच घेते. आज माझ्या उजव्या सीटवर आनंदीबाई आहेत, वय त्रेपन्न, पहिला आठवडा. भरड नाक्यावरच्या चढावर त्यांनी गाडी थांबवली आहे आणि परत निघायला त्यांना क्लच कुठे सोडायचा ते अजून सापडत नाही. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलंय. ईडा म्हणतेय, “घाई नाय, बाय. परत करूया.”

तुम्ही आमच्या मागे असाल तर कृपा करून दोन हात अंतर ठेवा. आणि थोडा वेळ थांबा. त्या निघतील.